निपाणीचा लखोबा आणि त्याचे जन्मदाते

बेळगावहून कोल्हापूरच्या वाटेला लागले, की संकेश्वर मागे टाकल्यावर निपाणी येते. हे तंबाखूच्या वखारींचे गाव. विडीचा तंबाखू इथल्या काळ्या जमिनीत पिकतो, इथल्याच वखारींत चाळला-कुटला जातो आणि बाहेरगावी रवाना होतो. या पेठेने अनेक धनवंत व्यापारी पाहिले. मराठी मुलखात घरोघरी नाव पोचले ते मात्र निपाणीच्या एकाच तंबाखूवाल्याचे, आणि त्याची वखार या गावात कधीच नव्हती. त्याचे नाव लखोबा लोखंडे. तो जन्मला आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून आणि वावरला रंगमंचावरच्या न्यायालयात, आरोपीच्या पिंजऱ्यात.

लखोबा काल्पनिक, पण त्याच्यामागचा माणूस खरा होता. माधव काझी नावाच्या एका भामट्याने निरनिराळी नावे धारण करून अनेक स्त्रियांशी लग्ने केली, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लुबाडले. त्याच्यावर खटला चालला तेव्हा त्या हकिकतींनी सारा महाराष्ट्र हादरला होता. या खटल्यातून अत्र्यांनी ‘तो मी नव्हेच’ हे नाटक उभे केले. वास्तवातल्या ठकाला साहित्यात आणून अजरामर करण्याचे असे दुसरे उदाहरण मराठीत सहज सापडणार नाही. अत्र्यांनाच ते का साधले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोढीत खुर्द या गावी झाला. कऱ्हा नदीच्या काठचा हा परिसर. पुढे आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले ते या नदीवरूनच. सासवडला शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पदवी आणि मग शिक्षकाचा पेशा, अशी त्यांची सुरुवात मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातल्या कोणत्याही हुशार तरुणासारखी होती. राम गणेश गडकरी हे त्यांचे साहित्यातले दैवत. पण गुरूची छाप अंगावर घेऊन गंभीर कविता लिहीत बसणे हा या शिष्याचा पिंड नव्हता.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते दुसऱ्यांच्या आवाजात बोलण्यामुळे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि माधव जूलियन, यशवंत, गिरीश या कवींचा बोलबाला सुरू झाला. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबन-कवितांचा संग्रह आला. कवीचे नाव केशवकुमार. हे केशवकुमार म्हणजे अत्रे. समकालीन कवींची शब्दकळा, वृत्तांचे लाड, प्रेमातले हुंदके, फारसी शब्दांचा हव्यास, हे सारे त्यांनी इतके हुबेहूब उचलले की मूळ कविता कोणती आणि तिची थट्टा कोणती, हे ओळखताना वाचकाला हसूही येई आणि किंचित ओशाळायलाही होई. त्यानंतर कित्येक वर्षे मराठी कवींनी भावविवश होण्यापूर्वी केशवकुमारांची धास्ती बाळगली असणार.

विडंबन आणि बनावट दस्तऐवज यांची कला मुळात एकच आहे. दोन्हींत दुसऱ्याच्या मनात शिरून त्याच्या लकबीने लिहावे लागते. अमेरिकेत ली इस्राएल या चरित्रलेखिकेने दिवंगत लेखकांच्या नावे चारेकशे बनावट पत्रे लिहून ती संग्राहकांना विकली. नोएल कॉवर्ड, डोरोथी पार्कर यांच्या शैलीची तिची नक्कल एवढी अस्सल होती, की जाणकारही फसले. १९९३ साली तिला शिक्षा झाली आणि २०१८ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्यात आणि केशवकुमारांत फरक एवढाच, की केशवकुमारांनी सोंग घेताना ते सोंग आहे हे वाचकाला आधीच दाखवले होते. मात्र सोंग कसे वठते, समोरच्याला नेमके काय ऐकायचे असते, याचे ज्ञान दोघांनाही सारखेच होते. छत्तीस-सदतीस वर्षांनी लखोबा लिहिताना अत्र्यांना हेच ज्ञान उपयोगी पडले.

१९२८ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची अध्यापनाची पदविका मिळवली. तिथे सिरिल बर्ट या नामांकित मानसशास्त्रज्ञाकडे त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे धडे घेतले. नियतीची थट्टा अशी, की १९७१ साली बर्ट वारल्यानंतर त्यांच्यावरच जुळ्या भावंडांच्या अभ्यासातली आकडेवारी रचल्याचा आणि अस्तित्वात नसलेल्या सहकाऱ्यांची नावे वापरल्याचा आरोप झाला. तो वाद अभ्यासकांत अजून पुरता मिटलेला नाही. अत्रे तोवर हयात नव्हते. असते, तर त्यांनी या विषयावर एक नाटक नक्की लिहिले असते.

पुण्यात परतल्यावर कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांनी तयार केलेल्या क्रमिक पुस्तकांनी मुलांच्या हाती जिवंत मराठी दिली. त्यांच्या अफाट कर्तृत्वाच्या यादीत शिक्षकाचा हा भाग नेहमी झाकला जातो. पण वर्गात खोटे बोलणारे मूल आणि खरे बोलणारे मूल यांच्या चेहऱ्यांतला फरक ओळखण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी.

१९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ने ते नाटककार झाले. मग ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशी नाटके भराभर आली. या नाटकांत आणि चित्रपटांत सोंगाची, मुखवट्याची जागा किती मोठी आहे, हे एकत्रित पाहिले म्हणजे जाणवते. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मास्टर विनायकांनी साकारलेला नायक ब्रह्मचर्याचा आव आणतो आणि तो आव प्रेमापुढे गळून पडतो. ब्रँडन थॉमस यांच्या इंग्रजी प्रहसनावरून रचलेल्या ‘मोरूची मावशी’त तर पुरुषच लुगडे नेसून मावशी होतो. ‘बुवा तेथे बाया’त भोंदू बुवाबाजीचा समाचार आहे. मुखवटा घालणाऱ्याला अत्रे नेहमी दोन वागणुकी देत. त्याचे सोंग निरुपद्रवी असेल तर त्याला हसून सोडून देत, आणि त्यात कोणाची फसवणूक असेल तर फाडून खात. लखोबाच्या बाबतीत त्यांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागल्या. हे नाटक अवघड आहे ते त्यामुळे.

चित्रपटातही त्यांनी मोठे यश पाहिले. साने गुरुजींच्या कादंबरीवरच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यापाठोपाठ ‘महात्मा फुले’ आला. हे करत असतानाच त्यांच्यातला पत्रकार आणि वक्ता राजकारणाकडे ओढला जात होता.

इथून त्यांच्या चरित्रात बेळगाव आणि निपाणी येतात. १९४६ साली बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. एका साहित्य संमेलनाने एका राज्याच्या मागणीला जाहीर रूप द्यावे, ही घटना आजच्या संमेलनांकडे पाहता नवलाचीच वाटते. पुढे दहा वर्षांनी, १९५६ च्या जानेवारीत, बेळगाव-कारवारसह सीमाभाग म्हैसूर राज्यात जाणार हे स्पष्ट होताच आंदोलन पेटले, गोळीबार झाला. १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात अजूनही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना अमलात आली. त्या दिवसापासून निपाणी, बेळगाव, खानापूर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. बरोबर दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले.

‘मराठा’ने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला आवाज दिला. अत्र्यांचे अग्रलेख चौकाचौकांत मोठ्याने वाचले जात, सभांना लाखोंची गर्दी होई. या लेखनात प्रतिपक्षावर अनेकदा असभ्य म्हणावे असे शब्द येत. त्यांचे भक्त याला रांगडेपणा म्हणत आले आहेत. पण भाषेची एवढी जाण असलेल्या लेखकाला सभ्य शब्दांत तेवढेच घाव घालता आले असते, हेही खरे. १९५७ च्या निवडणुकीत ते विधानसभेवर निवडून गेले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, निपाणी आणि कारवार मात्र बाहेरच राहिले.

हे ताजे असतानाच १९६२ साली अत्र्यांनी आपल्या भामट्याला निपाणीचा रहिवासी केले. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर निवड अचूकच होती. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पुरेसे दूर, तरी मराठीच; भाषेत कानडी हेल, अंगावर व्यापाऱ्याचा कोट, आणि चौकशी करायला कोणी सहसा जाणार नाही असे सरहद्दीवरचे गाव. परंतु त्या काळच्या प्रेक्षकाला निपाणी हा शब्द ऐकल्याबरोबर आणखी काही आठवल्याशिवाय राहणे शक्य नव्हते. हे गाव नेमके कोणाचे, हा प्रश्न तेव्हा विधिमंडळापासून पानपट्टीपर्यंत चर्चेत होता. ज्या गावाची ओळखच वादात आहे, त्या गावचा माणूस न्यायालयात उभा राहून स्वतःची प्रत्येक ओळख नाकारतो आहे, हा योग मोठा विलक्षण आहे.

काझीसारख्या माणसाला आपला उद्योग इतकी वर्षे चालवता कसा आला, याचा विचार केला तर त्या काळाचे चित्र समोर येते. हिंदू पुरुषाला एकाहून अधिक बायका करणे पूर्वी कायद्याने गुन्हा नव्हता. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने द्विभार्या प्रतिबंध झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर लागू झाला. म्हणजे ज्याला अनेक लग्ने करायची त्याला आता अनेक माणसे व्हावे लागणार होते. त्यातच छायाचित्र असलेले ओळखपत्र कोणाजवळ नसे. माणसाची ओळख ठरे ती आडनावावरून, बोलीवरून, पोशाखावरून आणि सांगितलेल्या हुद्द्यावरून. शहरे वाढत होती, नोकरीसाठी माणसे अनोळखी गावी जात होती. उपवर मुलीच्या बापाला घाई असे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेची धास्ती असे. सरकारी हुद्दा, लष्करी दर्जा किंवा अध्यात्माचे तेज यांपैकी एक जरी दिसले तरी पुढची विचारपूस थांबे. फसवणूक झाल्यावरही बहुतेक घरे गप्प बसत, कारण फिर्याद म्हणजे मुलीची बदनामी. ठकाचे खरे भांडवल हे असते. त्याची स्वतःची हुशारी त्यात थोडीच.

अत्र्यांनी हे अचूक ओळखले होते, हे लखोबाच्या सोंगांवरून दिसते. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशा निरनिराळ्या रूपांत तो वावरतो. त्यातले प्रत्येक रूप समाजाच्या एकेका दुबळ्या जागेवर बोट ठेवते: एकाला प्रतिष्ठेचा मोह, दुसऱ्याला गणवेशाचा, तिसऱ्याला भगव्या वस्त्राचा. आणि या साऱ्यांच्या मुळाशी उभा असलेला लखोबा स्वतःला साधा, भोळा, तंबाखूच्या पलीकडे काही न कळणारा व्यापारी म्हणवून घेतो. इतर सोंगांत तो बडेजाव मिरवतो आणि न्यायालयात गरिबी. हे शेवटचे सोंग त्याचे सर्वांत पक्के.

नाटकाची रचना पूर्णपणे न्यायालयाच्या चौकटीत आहे. साक्षीदार येतात, साक्ष सुरू होते आणि रंगमंच फिरून आपल्याला त्या घटनेत घेऊन जातो. दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर यांनी यासाठी फिरत्या रंगमंचाचा जो वापर केला, तो मराठी रंगभूमीवरचा एक टप्पा मानला जातो. रांगणेकर म्हणजे ‘कुलवधू’चे कर्ते, ज्यातून गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे घरोघरी पोचल्या. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. लखोबा आणि त्याची सगळी सोंगे एकट्या प्रभाकर पणशीकरांनी उभी केली. फिरत्या मंचाची एक फेरी होईतो पोशाख, आवाज, चाल आणि वय बदलून त्यांना दुसरा माणूस म्हणून प्रवेश करावा लागे. ते आयुष्यभर हजारो प्रयोगांत हे करत राहिले. एका ठकाचे सोंग घेणारा नट आणि त्या नटाचे सोंग घेणारा ठक, असा हा दुहेरी खेळ प्रेक्षकाला शेवटपर्यंत जागा ठेवत असे.

मात्र या नाटकाच्या यशाला एक बोचरी बाजू आहे, आणि तिची चर्चा फार कमी झाली आहे. पिंजऱ्यासमोर एकामागून एक उभ्या राहणाऱ्या स्त्रिया आपल्या उद्ध्वस्त संसाराची साक्ष देतात. लखोबा त्यांना ओळखत नाही. त्याच्या प्रत्येक नकारावर नाट्यगृहात हशा पिकतो. टाळ्या त्याला मिळतात. साक्ष देणाऱ्या बाईला क्वचितच. खऱ्या खटल्यातल्या स्त्रियांना भर न्यायालयात आपले वैवाहिक आयुष्य उघडे करावे लागले असेल, वर्तमानपत्रांतून ते वाचले गेले असेल, आणि मग रंगमंचावर त्यांचेच दुःख विनोदाची पार्श्वभूमी झाले. अत्र्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. साक्षींचे प्रसंग त्यांनी गंभीरपणे लिहिले आहेत, फसलेल्या बायकांना मूर्ख ठरवलेले नाही. पण विनोद हा त्यांच्या हातातला सर्वांत धारदार आणि सर्वांत आवडता सुरा होता, आणि त्याचा मोह त्यांना आवरला नाही. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळत आयुष्य काढणाऱ्या बायकांनी हे नाटक पाहिले असते, तर त्या किती वेळा हसल्या असत्या, हा प्रश्न नाटकाबाहेर राहून गेला.

तरीही ‘तो मी नव्हेच’ हे शब्द मराठीत वाक्प्रचारासारखे रुळले, याचे श्रेय त्या विनोदालाच द्यावे लागते. पुरावा समोर असताना ठामपणे नाकारणाऱ्या पुढाऱ्याला, अधिकाऱ्याला, घोटाळेबाजाला मराठी माणूस आजही लखोबा म्हणतो. एखाद्या ठकाचे नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसावे, याहून कठोर शिक्षा कोणते न्यायालय देऊ शकले असते?

अत्रे स्वतः नेमके उलट्या स्वभावाचे होते. केले ते नाकारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. वैर उघड, प्रेम उघड. ना. सी. फडके यांच्याशी त्यांचे भांडण वर्षानुवर्षे छापील स्वरूपात चालले. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात पंडित नेहरूंवर त्यांनी जहाल टीका केली, आणि १९६४ साली नेहरू गेल्यावर ‘मराठा’तून सलग तेरा लेख लिहून त्यांना श्रद्धांजली वाहिली, ते लेख ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आहेत. कालचे आपले शब्द पुसून टाकण्याची गरज त्यांना वाटली नाही. दोन्ही अत्रे तेच होते आणि दोन्ही त्यांनी मान्य केले.

गोव्याच्या बाबतीतही त्यांची भूमिका अशीच उघड होती. मुक्तीनंतर महाराष्ट्रात विलीनीकरणाची बाजू ‘मराठा’ने हिरिरीने मांडली. गोमंतकीयांनी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळा निर्णय दिला आणि तो लढा संपला. सीमाभागाच्या हुतात्मा दिनाच्या आदल्याच दिवशी हा कौल पडला, हा निव्वळ योगायोग. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला. आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवायला सांगितले, परंतु निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि शिफारशींची अंमलबजावणी कधीच झाली नाही. लखोबाच्या गावाचा निकाल असा लटकलेलाच राहिला. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केल्यानंतरही.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात त्यांचा तंबाखूवाला अधिकच फिरता झाला. मराठीच्या पलीकडे जाऊन कन्नड आणि गुजराती रंगभूमीवरही तो उभा राहिला. १९७४ साली के. बालचंदर यांनी या नाटकावरून ‘नान अवनिल्लै’ हा तमिळ चित्रपट केला. त्यात जेमिनी गणेशन यांनी अनेक रूपांतला आरोपी रंगवला आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २००७ साली त्याच नावाने तमिळमध्ये पुन्हा चित्रपट आला. ज्याने अनेक मराठी चित्रपट लिहिले, ज्याच्या चित्रपटाला देशाचे पहिले सुवर्णपदक मिळाले, त्या लेखकाचा सर्वांत प्रसिद्ध भामटा पडद्यावर गाजला तो तमिळ भाषेत.

पणशीकर उतारवयापर्यंत लखोबाचे प्रयोग करत राहिले. १३ जानेवारी २०११ रोजी तेही गेले. त्यानंतर इतर नटांनी ती भूमिका उचलली, आणि न्यायाधीशाने नाव विचारले की पिंजऱ्यातला माणूस अजूनही निपाणीचाच पत्ता सांगतो.